खोक्यावरचा माणूस

प्रिय ताई,

हे पत्र मी इतके दिवस टाळलं, की आता टाळण्याचीच सवय झाली होती. कागद आणला, मग पेन आवडलं नाही म्हणून दुसरं आणायला बाहेर पडलो, वाटेत एका दुकानाची काच बघत उभा राहिलो आणि परत आलो तेव्हा पेन आणायचंच राहिलं होतं. तू म्हणशील, भिंगरीचं हे नेहमीचंच. पायाला भिंगरी होती तोवर ठीक होतं, आता डोक्यालाही लागली आहे. फोन का केला नाहीस, असंही म्हणशील. फोनवर तू पहिल्याच वाक्याला रडायला लागतेस आणि मग मी खोटं बोलायला लागतो, म्हणून. कागदावर तू रडलीस तरी मला ऐकू येणार नाही आणि पुढचं वाक्य लिहावंच लागेल.

तर आधी मुख्य गोष्ट. दादा सापडला. जिवंत आहे. याच शहरात आहे, माझ्या खोलीपासून बसने जाता येतं इतक्या अंतरावर. पण त्याची तब्येत बरी नाही, आणि ती किती बरी नाही हे मला एका दमात लिहिता येणार नाही. माझ्या पद्धतीने सांगू दे, वाकडंतिकडं. मधलं सोडून शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड आहे, ती या वेळी आवर.

मी काय काम करतो ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. मागच्या वेळी 'लिहिण्याचं काम' एवढंच म्हणालो आणि तू भाऊजींना सांगून टाकलंस की तो कुठल्यातरी कचेरीत कारकून झालाय. कारकून नाही गं. मी चड्ड्यांच्या जाहिरातींचं परीक्षण करतो. हस, हरकत नाही, मीही हसलो होतो. पुरुषांच्या फॅशनचं एक मासिक आहे. पुढच्या पानांवर सूट, बूट, अत्तरं आणि मागच्या पानांवर अंतर्वस्त्रं. कुठल्या कंपनीने जाहिरात कशी केली, कापड काय दाखवलं, माणूस कसा उभा केला आणि एकूण किती खोटं बोलले, हे मी दर महिन्याला लिहितो. मी तिथे लिहायला गेलोच नव्हतो. तेव्हा मी टेम्पोवर होतो, दुकानांच्या काचेत उभे करायचे पुतळे पोचवायचो. त्यांच्या कचेरीत फोटोसाठी पुतळे हवे होते. जिना एवढा अरुंद, की पुतळ्याचे हात काढून काखेत धरावे लागले. वर भिंतीवर एक मोठी जाहिरात होती, आणि दम खाता खाता मी टेम्पोवाल्याला म्हणालो, हा बाबा एवढ्या महागाच्या चड्डीत खिडकीशी उभा राहून कुणाची वाट बघतोय, धोब्याची? मागे संपादकबाई उभ्या होत्या. मला वाटलं, गेलं हे पण काम. त्या म्हणाल्या, अजून काय दिसतं तुला यात? मी पुतळ्याचे हात काखेत धरूनच सांगत राहिलो. शाळा किती झाली हे त्यांनी आजपर्यंत विचारलेलं नाही. शुद्धलेखन त्या सुधारतात आणि सुधारताना कपाळाला हात लावतात.

एकदा बघायची सवय लागली की या जाहिरातींत काय काय दिसायला लागतं. त्यातला माणूस कधी बसत नाही. बसला की पोटाला घडी पडते, म्हणून त्याला उभं तरी ठेवतात नाहीतर आडवं तरी पाडतात. तो ओला असतो, पण आसपास कुठे बादली नसते. घरात एकटाच असतो. आई नाही, बायको नाही, दोरीवर वाळत घातलेलं एक कापड नाही. घर एवढं मोठं आणि अंगावर एवढंसं. चेहरा असा, की नुकतंच कुणीतरी काहीतरी वाईट सांगून गेलंय. आणि हल्ली तर चेहराही नसतो. हनुवटीच्या खाली कापतात आणि मांडीवर कापतात, मधलं तेवढं ठेवतात. मी बाईंना विचारलं, यांची डोकी जातात कुठे हो? त्या म्हणाल्या, डोकं दिसलं की लोक माणूस बघतात, माल बघत नाहीत. शिवाय डोकं नसलं की गिऱ्हाईक तिथे आपलं डोकं बसवून बघतं. मी माझं बसवून बघितलं. काही केल्या बसेना.

यात माझी काही हुशारी नाही. आपण तिघं खोक्यांतच वाढलो, एवढंच. बाबांच्या दुकानात गल्ल्यामागे जमिनीपासून छतापर्यंत बनियन-चड्ड्यांची खोकी आणि प्रत्येक खोक्यावर एक माणूस. तेव्हाच्या माणसांना डोकी होती, मिशा होत्या, जरासं पोटही होतं. तुला फोनवाले मामा आठवतात? अंगात बनियन, चड्डी, मनगटावर घड्याळ, कानाला फोन आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं काही पलीकडून बढतीची बातमी आलीय. तू म्हणायचीस, मामी बोलतेय. मी म्हणायचो, मामा गुप्तहेर आहेत. आणि दादा म्हणायचा, छे, ते घरी फोन करून विचारतायत, माझी पँट तिथेच राहिली का. आईला दर वेळी तेवढंच हसू यायचं. हसता हसता ठसका लागायचा तिला. ती गेल्यापासून ते खोकं बाबांनी विकायला काढलं नाही. तू पाहिलं असशील, सगळ्यात वरच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. मी एकदा सरळ करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भिंतीकडे.

बाबांची नवा माल तपासायची ती पद्धतही आठवत असेल. एक चड्डी बाहेर काढायची, कंबरेची पट्टी ताणायची, कानाशी नेऊन सोडायची आणि आवाज ऐकायचा. मग पुढच्या फटीत दोन बोटं घालून शिवण बघायची. ती फट कायम उजव्या हाताला उघडायची. एकदा ते डावखुरे गाण्याचे मास्तर तावातावाने आले होते, की आम्ही डावखुऱ्यांनी काय करायचं. बाबा अगदी शांतपणे म्हणाले, मास्तर, पेटी वाजवताना दोन्ही हात चालतात ना तुमचे, मग इथेही चालतील. पण मास्तर गेल्यावर त्यांनी कंपनीला खरंच पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, की उजव्या हाताशिवाय आम्ही काही बनवत नाही आणि बनवणार नाही. हे मी उगाच भरकटून लिहीत नाहीये. थोडं भरकटतोय, पण उगाच नाही.

आणि दादाचं शिडीवरून पडणं. दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे वरच्या फळीवरचा माल मागत होते. दादा घाईत चढला आणि खोक्यासकट खाली आला. बाबांनी त्याला उचलून मागे बसवलं, एक नवंकोरं बनियन पाकिटातून काढलं, टराटरा फाडलं आणि खांदा आवळून बांधून टाकला. म्हणाले, गिऱ्हाईक गेलं की डॉक्टरकडे जाऊ. गिऱ्हाईक काही जाईना. दुसऱ्या दिवशी नेलं तोवर सगळं सुजलं होतं आणि पुढे ते हाड जुळलं ते उंचवटा ठेवूनच. गळ्याच्या डाव्या हाडावर, गोटीएवढा. त्याला आंघोळ घालताना बाबांचा साबणाचा हात तिथे आला की जरा थांबायचा. तू स्वयंपाकघरात असायचीस. मी दारात माझी पाळी यायची वाट बघत उभा असायचो, म्हणून मला माहीत आहे.

त्यांचं भांडण झालं तेव्हा तू सासरी होतीस, तू अर्धंच ऐकलंयस. दादाने जिममध्ये काढलेले फोटो आणून बाबांच्या गल्ल्यावर ठेवले होते. वेड्याला वाटलं होतं, बाबांना आवडेल. म्हणाला, बाबा, घरचाच धंदा आहे, मी फक्त पाकिटाच्या आतून बाहेर येतोय. बाबांनी फोटो पालथे घातले आणि म्हणाले, आपण चड्ड्या विकतो, घालून दाखवत नाही. दादा म्हणाला, मग फोनवाले मामा काय करतायत? बाबा म्हणाले, ते कुणाचे तरी मामा असतील, माझा मुलगा नाहीत. आवाज चढला नव्हता, ताई. चढला असता तर बरं झालं असतं. पुढे एवढंच म्हणाले, की हे करायचं असेल तर या दुकानाची पायरी चढू नकोस. दादाने फोटो उचलले, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेला. त्याचा नंबर लागेनासा झाला, आणि त्याच्यानंतर वर्षभरात मीही बाहेर पडलो. सगळ्यांना सांगितलं दादाला शोधायला जातोय, पण खरं तर मला त्या दुकानात एकट्याने बाबांच्या समोर बसवत नव्हतं.

आता त्या जाहिरातीकडे येतो. गेल्या हिवाळ्यात ती माझ्या टेबलावर आली. बाबा ज्यांचा माल ठेवतात त्याच कंपनीची. त्यांनी आता महागडा माल काढलाय, नाव तेच, अक्षरं बारीक, खोकं काळं आणि खोक्यावर जाहिरातीतलाच फोटो. राखाडी भिंत आणि तिच्यासमोर हनुवटीखालून मांडीपर्यंत एक धड. पोटावर शिरा अशा, जशा पानाच्या मागच्या बाजूला असतात. मी पहिलं वाक्य लिहिलं, दुसरं लिहायला वर बघितलं आणि गळ्याच्या हाडावर गोटी दिसली. पण उजवीकडे. दादाची डावीकडे. मी स्वतःच्या अंगावर हात लावून डावं-उजवं तपासलं. मग आरशासमोर जाऊन तपासलं आणि अजूनच घोळ झाला. मग स्वतःला समजावलं, की खांदे मोडलेली माणसं जगात पुष्कळ आहेत. पान उलटं ठेवलं, खाली जाऊन चहा प्यायलो, चहावाल्याशी त्याच्या स्कूटरबद्दल बोललो. परत वर आलो तेव्हा मी हाडाकडे बघितलं नाही. माझं काम चड्डी बघायचं, म्हणून चड्डी बघितली. पुढची फट डाव्या हाताला उघडत होती.

तुझ्या लक्षात आलं ना? कंपनीने मास्तरांचं कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे तसली चड्डीच नाही. फोटो उलटा केलेला होता, आरशात दिसावा तसा.

परीक्षणात मी तेवढं एकच वाक्य लिहिलं, की फोटो उलटा छापलाय. संपादकबाईंनी ते काढून टाकलं. म्हणाल्या, ही कंपनी आपल्याला जाहिराती देते, शिवाय हे कुणाच्या बापाला कळणार आहे?

पण फोटो कुठे तयार झाला ते त्यांनीच शोधून दिलं. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक बाई बसतात, जाहिरातींचे फोटो सुधारायचं काम करतात. अंधारी खोली, मोठा पडदा, पडद्यावर कुणाचं तरी ढोपर. त्या दिवसभर लोकांची ढोपरं गुळगुळीत करतात. मी विचारल्यावर म्हणाल्या, हो, मीच फिरवला. कंपनीला आपलं नाव डावीकडे हवं होतं आणि माणूस नेमका तिकडेच वळून उभा. पट्टीवरचं नाव मी नंतर सरळ बसवलं. ती फट राहिली होय? मला काय माहीत कुठून उघडते. असं म्हणून त्या हसल्या, मग माझं तोंड बघून थांबल्या. मी म्हणालो, तो बहुतेक माझा भाऊ आहे. त्यांनी मूळ फोटो उघडून दाखवला. ताई, त्याला डोकं होतं. दादाच होता. गाल आत गेलेले, ओठांना भेगा पडलेल्या आणि डोळे असे मोठे, जसे आईचे शेवटी झाले होते. बाई म्हणाल्या, तीळ मी पुसले, केस पुसले, दंडावरच्या सुयांच्या खुणा पुसल्या. ते हाडही पुसायला घेतलं होतं, पण हा मुलगा स्वतः माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, बाई, तेवढं राहू द्या.

सुयांच्या खुणा कसल्या, हे मी तिथेच विचारलं. त्यांच्या धंद्यात 'सुकवणं' म्हणतात. फोटोच्या आधी मीठ बंद, मग पाणी बंद, वर अंगातलं पाणी काढून टाकायच्या गोळ्या, म्हणजे कातडी मांसाला घट्ट चिकटते आणि शिरा वर येतात. स्नायू फुगायला सुया, सुयांनी दुखलं की दुखण्याच्या गोळ्या. उभा राहायची वेळ आली की तोंडात साखर टाकायची आणि दिवे लागायचे. फोटोवाले फोनवर सांगतात, माल नीट सुकवून आणा. मी इतके महिने त्या शिरांबद्दल लिहीत होतो. कुणाच्या चांगल्या उठल्यात, कुणाच्या रंगवलेल्या वाटतात. पाण्याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

बाईंनी दिलेल्या पत्त्यावर दादा राहत नव्हता. पूर्वी त्याच्याबरोबर राहणारा एक पैलवानासारखा गडी होता, दारात मावत नव्हता इतका रुंद, आणि आवाज मात्र चिमणीसारखा. तो मला घेऊन गेला. वाटेत मला म्हणाला, घाबरू नका, तो विनोद करतो अजून. हॉस्पिटलच्या एका लांब खोलीत खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र आणि प्रत्येक यंत्राला नळ्यांनी जोडलेलं एक माणूस. मी दादाच्या समोरून पुढे गेलो, ओळखलंच नाही. चेहरा सुजलेला, पाय काटकुळे, अंगावर गोधडीएवढं मोठं स्वेटर. मागून आवाज आला, भिंगऱ्या, पँट घालून आलायस ना? मी मागे वळलो. त्याने यंत्राची नळी कानाला लावली आणि म्हणाला, घरी विचारतोय, माझी तिथेच राहिली का.

मी तिथे हसलो आणि मग मला बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत, ताई. त्या गोळ्यांनी आणि सुकवण्याने. आठवड्यातून तीनदा त्याला त्या खुर्चीत बसवतात आणि त्याचं रक्त यंत्रातून फिरवून परत देतात. मी आता दर वेळी जातो. दिवसभरासाठी त्याला एक छोटी बाटली पाणी मिळतं, त्याहून थेंब जास्त चालत नाही, कारण प्यायलेलं बाहेर पडायला वाट नाही. आधी फोटोसाठी सोडायचा, आता डॉक्टर देत नाहीत. तो बर्फाचा खडा तोंडात धरतो आणि त्याच्यावर बराच वेळ काढतो. मला म्हणतो, तू बाहेर जाऊन एक गार ग्लास पी आणि येऊन मला सांग कसं होतं. मी पहिल्यांदा नाही म्हणालो, मग जाऊन प्यायलो आणि येऊन सांगितलं. आता तो नेमच झालाय. मी अगदी परीक्षण केल्यासारखं सांगतो, ग्लास कसा होता, घोट कसा गेला. तो डोळे मिटून ऐकतो आणि मधेच म्हणतो, खोटं किती त्यात?

एकदा त्याला विचारलं, असल्या कामाला हो का म्हणालास. बरंच काही सांगितलं त्याने, खोलीभाडं, मित्र, सुरुवातीला मजा यायची ते. मग यंत्राकडे बघत म्हणाला, बाकीच्यांची कामं केली ती पोटासाठी. ही कंपनी मात्र मी मागून घेतली. बाबा यांचाच माल ठेवतात ना. म्हटलं, डोकं तर हे कापणारच, म्हणजे बाबांना कळणार नाही, आणि माल तर त्यांना मांडावाच लागेल. दाराशी, नव्या मालाच्या जागी. दुकानाची पायरी चढू नकोस म्हणाले होते ना? चढलोच की, खोक्यावर बसून. हे सांगताना तो अगदी खूश होता. मग त्याने विचारलं, माल पोचला असेल का रे तिकडे? मी म्हणालो, माहीत नाही. त्याने माझ्याकडून वचन घेतलं, की बाबांना यातलं काही सांगायचं नाही. म्हणाला, त्यांना मी फळीवरच बरा.

डॉक्टर म्हणतात, यंत्रावर तो फार काळ टिकणार नाही. त्याचं हृदय आधीच थकलंय, तेही सुकवण्यातच. कुणीतरी घरच्या माणसाने एक मूत्रपिंड दिलं तर मात्र बरीच वर्षं निघतील. घरचं म्हणजे मी होतोच. मी लगेच दंड पुढे केला. रक्तगट जुळला नाही. माझं सगळं आईवर गेलंय, रक्तही. मी रक्त काढणाऱ्या मुलीला म्हणालो, पुन्हा तपासा, नळी उलटी धरली असेल. ती बिचारी दुसऱ्यांदा रक्त काढून तपासून आली. बाबांना इतकी वर्षं साखर, त्यांचं घेणारच नाहीत, हे डॉक्टरांनी न विचारताच सांगितलं.

हे लिहायला मी इतकी पानं घेतली आणि इतके दिवस पेन शोधत हिंडलो. तुझा आणि दादाचा रक्तगट एकच आहे. चिमणीच्या बाळंतपणात तुला रक्त लागलं तेव्हा त्याने दिलं होतं आणि देऊन आल्यावर बढाई मारत होता, की भाची निम्मी माझीच आहे. हे मी सहज आठवलं म्हणून लिहिलं असं म्हणणार होतो, पण नाही, मुद्दामच लिहिलंय. तुला लहान मुलगी आहे. भाऊजी काय म्हणतील, तुझ्या सासूबाई काय म्हणतील, मला सगळं ऐकू येतंय. दादाने तुझं नाव काढलं नाही, आणि मी काढेन या भीतीने तो तुझा विषयही काढू देत नाही. नाही म्हणालीस तर मी त्याला कधी कळू देणार नाही की विचारलं होतं, आणि माझ्या मनातही काही धरणार नाही, निदान धरायचं नाही असं ठरवलंय. पण विचारल्याशिवाय राहिलो असतो, तर त्याच्यासमोर जाऊन पाणी कसं होतं ते सांगू शकलो नसतो. एवढ्यासाठी हे पत्र. ये, ताई. नुसती तपासून घ्यायला तरी ये.

इथवर लिहून सही करणार, तेवढ्यात खालून घरमालकीणबाईंची हाक आली, की तुमच्याकडे एक म्हातारे आलेत, हातात चड्डीचं खोकं आहे, विकायला असतील तर आम्हाला नको. मी जिन्यात गेलो. बाबा आहेत. दुकानात घालतात तोच कोट, सामान काही नाही, फक्त ते काळं खोकं छातीशी धरलेलं. मला बघून कसा आहेस म्हणाले नाहीत. म्हणाले, फोटो उलटा छापलाय. आधी त्यांना वाटलं होतं मालच सदोष आलाय, म्हणून घाऊक व्यापाऱ्याकडे तक्रार घेऊन गेले. तिथून कंपनीत, तिथून त्या फोटोवाल्या बाईंकडे, आणि बाईंनी माझा पत्ता दिला. त्या म्हणे बाबांना म्हणाल्या, तुमच्या घरात सगळ्यांनाच बरं कळतं हो. खोलीत आल्यावर त्यांनी खोकं टेबलावर, या पत्राच्या शेजारी ठेवलं आणि त्या हाडावर अंगठा ठेवून म्हणाले, हे डावीकडचं आहे, मी बांधलं होतं. मग विचारलं, कुठे आहे तो? मी म्हणालो, बसा, आधी पाणी देतो. ते खाटेवर बसून पाणी पितायत, घोट घोट, प्रवासाने दमलेत. मी त्यांच्याकडे पाठ करून हे लिहितोय. वरचं काही खोडत नाही, तुला विचारलेलं तसंच आहे. ग्लास रिकामा झाला की मला वळून त्यांना सांगायचंय.

तुझाच,
भिंगरी